ओपीएम फ्लो: खोल समुद्रातल्या फील्डच्या फोरकास्टसाठी फुकटातला सिम्युलेटर, माझा रिव्ह्यू

रिझर्व्हॉयर सिम्युलेशनचं, म्हणजे जमिनीखालच्या खडकातलं तेल-गॅस-पाणी कसं वाहील ते कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर म्हटलं की सगळीकडे साधारण एकच परिस्थिती, लायसन्स मोजकी आणि माणसं जास्त, मग रन रांगेत लावायचे, आणि कॉलेजात असाल तर लॅब उघडी असेल तेवढाच वेळ. म्हणून म्हटलं ओपीएम फ्लोबद्दल सविस्तर लिहावं. हा पूर्ण फील्डचं मॉडेल चालवणारा ब्लॅक ऑइल (म्हणजे सगळं फक्त तेल, गॅस, पाणी अशा तीन भागांत मोजणारा) सिम्युलेटर आहे, ओपन सोर्स, जीपीएल लायसन्सखाली, एक रुपया लागत नाही. मी तो मुख्यतः एकाच कामासाठी वापरते: खोल समुद्रात अजून डेव्हलप न झालेल्या, कधी एखादीच वेल (विहीर) खणलेल्या, कधी तीही नसलेल्या फील्डमधून तेल किती येईल आणि कधी येईल याचा अंदाज बांधायला. या कामाला माझ्या मते सध्या याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, आणि त्यातला पैशाचा भाग सगळ्यात छोटा आहे. खरा फायदा असा की एकच मॉडेल शेकडो प्रकारे बदलून चालवताना कुणाची परवानगी लागत नाही, आणि खोल समुद्राच्या फोरकास्टमधे नेमकं तेच करावं लागतं.

हे बनवतं कोण, तर मुख्यतः नॉर्वेतली मंडळी, सिंटेफ आणि नॉर्स या संशोधन संस्था आणि इक्विनॉर ही तेल कंपनी, शिवाय बाहेरचेही लोक कोड देतात. वर्षाला दोन रिलीज येतात, एप्रिल आणि ऑक्टोबर. म्हणजे कुणाच्या पीएचडीसाठी लिहिलेला आणि नंतर धूळ खात पडलेला कोड नाही हा, त्यावर रोज काम चालू असतं, आणि एखादी अडचण नोंदवली तर तिच्यावर उघडपणे चर्चा होते ती कुणालाही वाचता येते.

इन्स्टॉलेशनबद्दल थोडक्यात. उबंटू असेल तर तयार पॅकेज आहे, दोन-तीन कमांड आणि झालं. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमधेच लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात उबंटू घ्या नाहीतर डॉकर वापरा. सोर्सपासून बिल्ड करायच्या भानगडीत गरज नसेल तर पडू नका, ड्यून वगैरे लायब्ररींची साखळी लांब आहे. स्वतःची खिडकी-बटणं असं काही नाही, टर्मिनलवर फ्लो लिहायचं, पुढे डेटा फाइलचं नाव, एंटर. ज्यांना माऊसचीच सवय आहे त्यांना सुरुवातीला जड जाईल हे खरं आहे, पण पुढे शंभर केसेस स्क्रिप्टने चालवायच्या असतील तेव्हा हीच गोष्ट उपयोगाला येते.

इनपुट फाइलचा फॉरमॅट इंडस्ट्रीत वर्षानुवर्षं चालत आलेल्या एक्लिप्स या विकतच्या सिम्युलेटरच्या डेकचाच (डेक म्हणजे इनपुट फाइल) आहे. म्हणजे ग्रिड, प्रॉप्स, सोल्यूशन, शेड्यूल हे सेक्शन ज्याने एकदा लिहिलेत त्याला नवीन भाषा शिकायला नको, जुना डेक बहुतेक वेळा आहे तसा चालतो, आणि आउटपुटही त्याच फॉरमॅटमधे येतं त्यामुळे प्लॉट करायची जुनी हत्यारं चालतात. एखादा कीवर्ड चालत नसेल तर तो सुरुवातीलाच सांगतो आणि महत्त्वाचा असेल तर थांबतो, गुपचूप पुढे जात नाही, हे मला फार आवडलं कारण फोरकास्टमधे गुपचूप दुर्लक्षित झालेला एक कीवर्ड काय गोंधळ घालू शकतो ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. मॅन्युअल अवाढव्य आहे, हजाराच्या वर पानं, पण प्रत्येक कीवर्डखाली तो चालतो की नाही हे स्पष्ट दिलेलं आहे. सुरुवातीपासून वाचत बसू नका, शोधून वाचायचं ते पुस्तक आहे.

आता मुद्द्यावर येते. डेव्हलप न झालेल्या फील्डचा फोरकास्ट म्हणजे नक्की काय असतं? ज्या फील्डमधून दहा वर्षं तेल निघतंय तिथे तुमच्याकडे इतिहास आहे, प्रॉडक्शन कसं उतरत गेलं तो डिक्लाइन कर्व्ह आहे, मॉडेल त्या इतिहासाशी जुळवता येतं. इथे काहीच नाही. सिस्मिकवर (ध्वनिलहरींनी काढलेल्या जमिनीखालच्या चित्रावर) दिसणारा एक आकार, त्यातला ॲम्प्लिट्यूड म्हणजे लहरींचा जोर, एक-दोन वेलचे लॉग (वेलमधे उपकरण सोडून घेतलेली मोजमापं), नशीब असेल तर कोअर म्हणजे खडकाचा नमुना आणि थोडी पीव्हीटी म्हणजे तेल-गॅसच्या गुणधर्मांची माहिती, आणि जगात इतरत्र सापडलेली तशीच फील्ड. खोल समुद्रात एक वेल खणायला दहा कोटी डॉलरच्या घरात खर्च जाऊ शकतो, त्यामुळे माहिती वाढवायला आणखी चार वेल खणूया असं सहज म्हणता येत नाही. आणि एवढ्याशा माहितीवर अब्जावधी डॉलरचं एफपीएसओ (तेल वेगळं करून साठवणारं तरंगतं जहाज) किती बॅरलचं बांधायचं हे ठरवायचं असतं, जे एकदा बांधलं की सहजासहजी बदलत नाही.

मी सरावासाठी जे मॉडेल वापरते ते कुठल्याही खऱ्या फील्डचं नाही, पण आकडे खोल समुद्रात शोभतील असे घेतलेत: पाणी १५०० मीटर, समुद्रतळाखाली आणखी २००० मीटरवर टर्बिडाइट (समुद्राखालच्या गाळाच्या लोंढ्यांनी आणून टाकलेली) वाळू, तिचे चॅनल आणि लोब म्हणजे प्रवाह आणि पसारे, आठ प्रोड्यूसर (तेल काढणाऱ्या वेल), सहा वॉटर इंजेक्टर (पाणी आत घालणाऱ्या वेल), एफपीएसओची तेलाची क्षमता रोज १ लाख बॅरल. ग्रुप कंट्रोलचे कीवर्ड फ्लोमधे व्यवस्थित चालतात, म्हणजे फील्डला तेलाची मर्यादा, एकूण द्रवाची मर्यादा, पाणी हाताळायची, गॅसची, इंजेक्शनची अशा सगळ्या एकत्र लावता येतात आणि ज्या वेळी जी आडवी येईल ती लागू होते. व्हॉइडेज रिप्लेसमेंटवर, म्हणजे जेवढं काढलं तेवढी जागा परत भरायची या हिशोबावर, इंजेक्शनही लावता येतं. खोल समुद्रात हे सगळं लागतंच, कारण तिथे प्रॉडक्शन कित्येक वर्षं रिझर्व्हॉयर ठरवतच नाही, जहाजावरची मशिनरी ठरवते.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी प्रत्येक शिकणाऱ्याने एकदा स्वतःच्या हाताने करून बघावी. आधी एकच केस चालवा, सगळे इनपुट मधल्या किमतीचे घेऊन, ज्याला सगळे बेस केस म्हणतात. छान प्रोफाइल येतं: वर चढतं, १ लाखावर सपाट प्लॅटो, काही वर्षांनी उतार. मग तेच मॉडेल परमिएबिलिटी (खडकातून द्रव किती सहज वाहतो), नेट-टू-ग्रॉस (एकूण जाडीत चांगल्या वाळूचा वाटा), फॉल्टची ट्रान्समिसिबिलिटी (खडकातल्या भेगेतून किती आरपार जातं), ॲक्विफर (खालचा पाण्याचा साठा), ऑइल-वॉटर कॉन्टॅक्ट (तेल संपून पाणी सुरू होतं ती पातळी), रेलपर्म (तेल-पाणी एकत्र असताना कोण किती वाहतं) सगळं रेंजमधून उचलून काहीशे वेळा चालवा आणि सगळ्यांची सरासरी काढा. सरासरी प्लॅटो १ लाखाच्या खाली येतो. प्रत्येक वेळी येतो. इनपुटमधे कुठेही निराशावादी झाला नसाल तरी येतो.

कारण अगदी साधं आहे. पन्नास सीटांची एसटी आहे, सीटांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असा नियम, एका दिवशी स्टँडवर सत्तर माणसं आली तरी पन्नासच जाणार आणि दुसऱ्या दिवशी तीस आली तर तीसच जाणार, मग रोजची सरासरी पन्नास कशी येईल? रिझर्व्हॉयर चांगलं निघालं तर जास्तीचं तेल त्या वर्षी मिळत नाही, ते पुढच्या वर्षांत प्लॅटो लांबवतं, पण वाईट निघालं तर तोटा लगेच, पहिल्याच वर्षापासून. दहा केसेसपैकी सात १ लाखाला टेकल्या आणि तीन ७० हजारावर राहिल्या असं धरा. पी५० (केसेस क्रमाने लावल्यावर अगदी मधला आकडा) आला १ लाख, सरासरी आली ९१ हजार. बेस केसवाला माणूस १ लाखावर हिशोब करतो, आणि डिस्काउंटिंगमुळे (उशिरा येणारा पैसा आज कमी मोलाचा धरला जातो) प्रोजेक्टच्या एनपीव्हीत म्हणजे आजच्या किमतीत मोजलेल्या फायद्यात सगळ्यात जास्त वजन असतं ते नेमकं याच सुरुवातीच्या वर्षांना. सुरू व्हायच्या तारखेचंही तेच, तारीख पुढे ढकलली जाते, अलीकडे क्वचितच येते. म्हणजे अनिश्चितता दोन्ही बाजूंनी समान असते आणि मधला आकडा घेतला की काम झालं ही समजूत इथे सपशेल चुकते.

हे माझं एकटीचं मत नाही. नॉर्वेत ऑपरेटरनी मंजुरीच्या वेळी दिलेले फोरकास्ट जपून ठेवलेले असतात, आणि स्टॅव्हँगर विद्यापीठातले ब्रॅटव्होल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मधे ५६ फील्डचे ते फोरकास्ट प्रत्यक्ष प्रॉडक्शनशी ताडून पाहिले. निष्कर्ष असा की अंदाज एकीकडे फार आशावादी होते आणि दुसरीकडे त्यांची रेंज फार अरुंद होती. जगातल्या सगळ्यात शिस्तशीर समजल्या जाणाऱ्या तेल उद्योगाची ही गत असेल तर बाकीच्यांनी जास्तच काळजी घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तीन केसेस, लो-बेस-हाय, एवढ्यावर फोरकास्ट उरकायची सवय आली ती बऱ्याच अंशी लायसन्स आणि वेळेच्या टंचाईतून. फ्लो हातात आल्यावर ती सबब राहत नाही. मध्यम आकाराचं मॉडेल साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होतं, प्रोसेसरचे चार-आठ कोअर असतील तर एका वेळी तेवढ्या केसेस सोडता येतात, रात्री लावून झोपा, सकाळी पूर्ण एन्सेम्बल (सगळ्या केसेसचा संच) तयार. एक मोठं मॉडेल अनेक कोअरवर वाटून चालवायची सोय पण आहे, पण फोरकास्टच्या कामात छोटी मॉडेल्स भरपूर चालवणं जास्त कामाचं, निदान मी तरी तेच करते.

एन्सेम्बलसाठी इक्विनॉरचंच ईआरटी नावाचं ओपन सोर्स टूल आहे, ते फ्लोबरोबर छान जमतं. कुठला पॅरामीटर कुठल्या डिस्ट्रिब्युशनमधून उचलायचा ते द्यायचं, ते प्रत्येक रिअलायझेशनचा (म्हणजे एकेका केसचा) डेक बनवतं, चालवतं, निकाल गोळा करतं. मुळात ते हिस्टरी मॅचिंगसाठी बनलंय, पण आपल्याकडे इतिहासच नसल्यामुळे नुसतं एन्सेम्बल चालवायचा मोड वापरायचा, आणि पुढे पहिल्या वेलची टेस्ट झाली, प्रेशरचा डेटा आला की तेच एन्सेम्बल त्या डेटाने अपडेट करता येतं. इथे एक सांगून ठेवते: सगळे पॅरामीटर एकमेकांपासून स्वतंत्र उचलू नका. वाळू चांगली असेल तर नेट-टू-ग्रॉस पण चांगला असतो, परमिएबिलिटी पण चांगली, चॅनल एकमेकांना जोडलेले असायची शक्यता पण जास्त. स्वतंत्र उचललं की चांगलं-वाईट एकमेकांना खाऊन टाकतं आणि रेंज खोटी अरुंद होते, आणि मग आपणही त्या ५६ फील्डवाल्यांच्याच पंगतीत.

फ्लोमधे फॉल्टचा मल्टिप्लायर एका ओळीत बदलता येतो आणि हे खोल समुद्रासाठी सोन्यासारखं आहे. वेल मोजक्या असल्यामुळे एकेका वेलने फार मोठा भाग काढायचा असतो, आणि मधे एखादा फॉल्ट किंवा चॅनलमधला शेलचा (चिकणमातीच्या खडकाचा) पडदा बंद निघाला तर त्या वेलमागचं तेल अर्धं होतं. तेल जागेवर किती आहे यावरच सगळे भांडत बसतात, पण माझ्या मॉडेलमधे तरी रेंज जास्त रुंद होते ती कनेक्टिव्हिटीमुळे.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं. केजी-डी६ मधली धीरूभाई १ आणि ३ ही गॅस फील्ड, प्रॉडक्शन एप्रिल २००९ मधे सुरू झालं, प्लॅन होता रोज ८० दशलक्ष घनमीटरचा, २०१० मधे ६० च्या थोडं वर जाऊन पोचलं आणि तिथून झपाट्याने खाली आलं, शेवटी फेब्रुवारी २०२० मधे बंद झालं. ऑपरेटरचं म्हणणं होतं की रिझर्व्हॉयर अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचं निघालं, प्रेशर पडलं, पाणी आणि वाळू आली. सरकारचं म्हणणं होतं की ठरल्याएवढ्या वेल खणल्याच नाहीत. त्या वादात मी पडत नाही. पण २००६ च्या प्लॅनच्या वेळी लोकांसमोर आला तो ८० चा एक आकडा, त्याच्या दोन्ही बाजूंची रेंज सगळ्यांच्या तोंडी कधी आलीच नाही, आणि त्या एका आकड्यावर आंध्रमधल्या आणि इतर कितीतरी वीजप्रकल्पांनी गॅस मिळणार म्हणून भरवसा ठेवला. गॅस आटला तेव्हा त्यातले बरेच प्रकल्प बंद पडून राहिले. फोरकास्ट हा इंजिनियरांच्या आपापसातला विषय नाही तो असा.

त्याच खोऱ्यातलं तेलाचं उदाहरण म्हणजे ओएनजीसीचा ९८/२ ब्लॉक. २०१६ मधे प्लॅन मंजूर झाला, खर्च ५ अब्ज डॉलरच्या वर, तेल मार्च २०२० ला येणार आणि शिखरावर रोज सुमारे ७७ हजार बॅरल असा अंदाज. पहिलं तेल आलं ७ जानेवारी २०२४ ला, आणि तेव्हा जाहीर झालेला शिखराचा आकडा ४५ हजार होता. मधे कोविड आला, सामान अडकलं, आणि तिथलं क्रूड मेणचट आहे, समुद्रतळाच्या थंडीत गोठू पाहतं, त्यासाठी पाइपमधे पाइप घालून ऊब टिकवायची व्यवस्था करावी लागली जी भारतात पहिल्यांदाच झाली. ते काम करणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच आहे, सोपं काम नाहीये ते. माझा मुद्दा एवढाच की यातली बरीच कारणं सिम्युलेटरच्या बाहेरची आहेत आणि फोरकास्ट करणाऱ्याने ती बाहेरची म्हणून सोडून द्यायची नसतात.

फ्लोमधे ती आत आणता येतात. प्रत्येक वेलला एफिशियन्सी फॅक्टर देता येतो, ०.९ दिला तर वेल चालू असताना पूर्ण रेटने वाहते पण एकूण बेरजेत नव्वद टक्केच धरली जाते. हे ठीक आहे, पण पुरेसं नाही. सबसी (समुद्रतळावर बसवलेल्या) वेलमधे काही बिघडलं तर जमिनीवरच्यासारखं दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं वर्कओव्हर रिग येऊन उभं राहत नाही, महिनेच्या महिने वेल बंद राहू शकते, आणि आठपैकी एक मोठी वेल बंद म्हणजे सगळ्यांना दहा टक्के कमी करण्यापेक्षा वेगळाच आकार येतो प्रोफाइलचा. मी शेड्यूल सेक्शनच पायथनने बनवते, त्यात कुठली वेल कधी सुरू होईल, कधी बंद पडेल हे रँडम टाकते, रिग उशिरा आलं तर पुढच्या सगळ्या वेल सरकतात. शिवाय ॲक्शनएक्स कीवर्ड चालतो त्यामुळे अमुक झालं तर तमुक कर अशा अटी डेकमधेच लिहिता येतात.

बाहेरच्या कारणांची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. गयानाचं लिझा घ्या, तिथे पहिलं तेल डिसेंबर २०१९ मधे, रिझर्व्हॉयर उत्तम, १ लाख २० हजार बॅरलचं लिझा डेस्टिनी जहाज, पण सुरुवातीचा बराच काळ गॅस कॉम्प्रेसरच्या दुखण्याने प्रॉडक्शन अडकलं. पुढे दुरुस्त्या आणि सुधारणा होऊन तेच जहाज मूळ क्षमतेच्या वर गेलं. घानाचं जुबिली, नोव्हेंबर २०१० मधे सुरू, तेवढ्याच क्षमतेचं जहाज, वेल कम्प्लिशनच्या (खणलेली वेल प्रॉडक्शनसाठी तयार करण्याच्या) अडचणींमुळे ठरल्या वेळी तिथवर पोचलंच नाही, आणि २०१६ मधे जहाजाच्या टरेटचं (नांगराला जोडलेला, ज्याभोवती जहाज वळतं तो भाग) बेअरिंग बिघडलं. मेक्सिकोच्या आखातातला थंडर हॉर्स प्लॅटफॉर्म २००५ च्या वादळानंतर एका बाजूला कलला आणि तेल निघायला २००८ उजाडलं. ही तीन नावं एकत्र ठेवली की अपटाइम आणि सुरुवातीच्या चढाईला रेंज का द्यायची हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता रायझरबद्दल, म्हणजे समुद्रतळापासून वर जहाजापर्यंत येणाऱ्या पाइपबद्दल, कारण विद्यार्थ्यांचे डेक बघताना हीच गोष्ट सुटलेली दिसते. वेलला तळाचं प्रेशर एक ठरावीक किमान देऊन मोकळे होतात, २०० बार म्हणा, आणि वेल पंचवीस वर्षं आनंदाने वाहत राहते. मुंबई हायला पाणी ७५ मीटरच्या आसपास, तिथे समुद्रतळ ते प्लॅटफॉर्म हा भाग फार मोठा नाही. १५०० मीटर पाण्यात मात्र तळापासून जहाजापर्यंतचा रायझर हा स्वतःच एक उंच कॉलम आहे. दर १० मीटर पाण्याला साधारण १ बार, म्हणजे पाण्याने भरला तर एकटा रायझर १५० बारच्या आसपास मागे रेटतो. नवीन वेलमधे गॅसमिश्रित हलकं तेल असतं तेव्हा चालून जातं, पण इंजेक्शनचं पाणी प्रोड्यूसरला पोचलं, वॉटर कट (येणाऱ्या द्रवातला पाण्याचा वाटा) वाढला, की तोच कॉलम जड होत जातो आणि वेल वाहायला तळाशी जास्त प्रेशर मागते. जमिनीखाली भरपूर तेल शिल्लक असताना वेल मरू शकते ती अशी. म्हणून व्हीएफपी टेबल, म्हणजे किती प्रवाह वर आणायला तळाशी किती प्रेशर लागेल याचा तक्ता, लावायचंच. फ्लोमधे टेबलं नीट वाचली जातात, गॅस लिफ्टचं (वेलमधे गॅस सोडून कॉलम हलका करायचं) ऑप्टिमायझेशन आहे, अनेक वेल एका फ्लोलाइनमधे येतात त्याचं नेटवर्क पण मांडता येतं. हे लावलं की डिक्लाइन लवकर सुरू होतो आणि रिकव्हरी फॅक्टर (जागेवरच्या तेलातलं किती हाती येतं तो वाटा) खाली येतो, आणि गॅस लिफ्ट किंवा सबसी पंपाची किंमत का मोजायची याचं उत्तर पण त्याच मॉडेलमधून मिळतं.

उणीव अशी की ही टेबलं फ्लो स्वतः बनवत नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि इंडस्ट्रीत वापरतात ती बहुतेक सगळी पैसेवाली आहेत. मी कोरिलेशन म्हणजे तयार सूत्रं वापरून पायथनमधे बनवलेली टेबलं लावते, प्रॉस्पेक्टच्या (तेल असेल असं वाटणाऱ्या जागेच्या) पातळीवर तेवढं पुरतं, गुंतवणुकीचा अंतिम निर्णय त्यावर घ्यायचा नसतो. मेण, हायड्रेट (पाइपमधे गॅस-पाण्याचा बर्फासारखा गोळा), स्लगिंग (गॅस आणि द्रव गचक्यांनी येणं) हे सगळं तर सिम्युलेटरच्या कक्षेबाहेरच, ते फ्लो ॲश्युरन्सवाल्यांकडून, म्हणजे पाइपमधला प्रवाह सांभाळणाऱ्या इंजिनियरांकडून आणायचं. जिऑलॉजिकल मॉडेलही तुम्हालाच आणावं लागणार, फ्लोला तयार ग्रिड लागतो. आणि हा मुळात ब्लॅक ऑइल सिम्युलेटर आहे हे लक्षात ठेवा, गॅसमधे विरघळलेलं तेल वगैरे तो हाताळतो, पण क्रिटिकल पॉइंटच्या जवळचा फ्लुइड असेल, गॅस परत आत घालायचा असेल आणि कम्पोझिशनच बदलत जाणार असेल तर तिथे जपून.

निकाल बघायला रेझइनसाइट वापरा, ते पण फुकट, विंडोजवर सरळ चालतं. थ्रीडी मधे सॅच्युरेशन (खडकातलं तेल-पाण्याचं प्रमाण) कसं सरकतंय ते दिसतं, आणि शेकडो केसेसचे कर्व्ह एकावर एक टाकून पी१०-पी५०-पी९० च्या रेषा पण काढून देतं (पी९० म्हणजे निदान तेवढं मिळायची शक्यता नव्वद टक्के, पी१० म्हणजे दहा टक्के). त्या रेषांबद्दल एक, पी५० ची रेषा म्हणजे कुठलीतरी एक केस नव्हे, ती प्रत्येक तारखेला वेगळ्या केसमधून आलेली असते, त्यामुळे पी९० प्रोफाइलखालचं क्षेत्रफळ काढून तेच पी९० रिझर्व्ह म्हणून सांगू नका, एकूण तेलाचा पी९० वेगळा काढावा लागतो. रिपोर्टमधे हे गल्लत झालेलं इतक्यांदा दिसतं की राहवत नाही म्हणून लिहिलं. तसंच ज्या प्रॉस्पेक्टवर वेलच नाही तिथे ही सगळी रेंज तेल सापडलं तरच्या अटीवर आहे, सापडायची शक्यता वेगळी सांगायची, दोन्ही गुणून एकच आकडा केला की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

कुणी घ्यावं? पुण्यात पेट्रोलियम इंजिनियरिंग करणाऱ्या मुलामुलींनी तर डोळे झाकून, फायनल इयर प्रोजेक्टला याहून चांगलं काही नाही, घरी स्वतःच्या मशीनवर चालतं. छोट्या कन्सल्टन्सीवाल्यांनी पण, आणि मोठ्या कंपनीत असाल तर महागडं टूल सोडायची गरज नाही, शेवटची सविस्तर केस त्यात चालवा आणि एन्सेम्बल यात, डेक एकच असल्यामुळे दोन्हीकडे निकाल जुळतायत का ते पण तपासता येतं. ज्यांना फोन केला की सपोर्टवाला माणूस हवा असतो त्यांच्यासाठी मात्र नाही, इथे ईमेल यादी आणि उघड चर्चा यावरच भागवायचं, उत्तरं चांगली मिळतात पण तुमच्या डेडलाइनशी त्यांचं देणंघेणं नसतं.

सुरुवात करताना एसपीई१ या सिम्युलेटर तपासायच्या ठरीव उदाहरणाचा छोटा डेक त्यांच्याच डेटा संग्रहात आहे तो चालवा, काही सेकंदात होतो. मग एसपीई९. मग नॉर्न, हे नॉर्वेच्या समुद्रातलं खरं फील्ड आहे, १९९७ पासून एफपीएसओवर प्रॉडक्शन, पाणी ३८० मीटरच्या आसपास म्हणजे फार खोल नाही, पण सबसी वेल, फॉल्ट, गॅस आणि पाणी दोन्हींचं इंजेक्शन असं सगळं एका डेकमधे बघायला मिळतं आणि खरा प्रॉडक्शन इतिहास सोबत असतो. त्यात शेड्यूलमधला इतिहास कापून टाका, पहिल्या दोन वेलचीच माहिती आहे असं समजा, स्वतःची रेंज बांधा, एन्सेम्बल चालवा आणि मग खरा कर्व्ह त्यावर टाकून बघा आपल्या पी१० आणि पी९० च्या मधे बसतो का. ज्यांचा बसेल त्यांनी रेंज कशी बांधली ते खाली लिहा, ज्यांचा बाहेर जाईल त्यांनी कुठला पॅरामीटर अरुंद धरला होता ते लिहा, मला दोन्ही वाचायचंय.